सहप्रतिवादीचा उलटतपास: चाकणच्या गोतसभेपासून खेडच्या कोर्टापर्यंत

दिवाणी दाव्यात वादीने एकापेक्षा जास्त जणांना प्रतिवादी केले, की कागदावर ते सगळे एका बाजूला येतात. प्रत्यक्षात ते एका बाजूला असतातच असे नाही. थोरल्या भावाने वाटपाचा दावा लावला आणि धाकटा भाऊ, दोन बहिणी, चुलता आणि मध्येच जमीन विकत घेणारा एक बिल्डर यांना प्रतिवादी केले, तर या पाच जणांच्या पाच कहाण्या असू शकतात. साक्षीदाराचा उलटतपास घेण्याचा अधिकार कायद्याने विरुद्ध पक्षाला दिला आहे. मग प्रतिवादी क्र. 2 ने पिंजऱ्यात उभे राहून प्रतिवादी क्र. 4 च्या मुळावर येणारी साक्ष दिली, तर क्र. 4 ने गप्प बसायचे की प्रश्न विचारायचे? कागदावर तो विरुद्ध पक्ष नाही, हिताच्या दृष्टीने मात्र आहे. चाकण आणि एकूण खेड तालुक्यात जमिनीला हिस्सेदार पुष्कळ आणि अलीकडच्या काळात भावही मोठा, त्यामुळे हा प्रश्न तिथे पुस्तकी राहिलेला नाही.

एकाच बाजूला बसवलेल्या अशा पक्षकारांना कोर्टागणिक वेगळे नाव आहे. दिवाणी कोर्टात ते प्रतिवादी असतात, अपिलात उत्तरवादी, महसुली कामात जाब देणार आणि मोटार अपघाताच्या दाव्यात सामनेवाला. इंग्रजीतला ‘को-रिस्पाँडंट’ हा शब्द मुळात घटस्फोटाच्या कायद्यातला. 1869च्या भारतीय घटस्फोट कायद्याने व्यभिचाराच्या आरोपावर घटस्फोट मागणाऱ्या नवऱ्याला बायकोबरोबर तिच्या कथित प्रियकरालाही पक्षकार करायला लावले, आणि तो दुसरा पक्षकार म्हणजे को-रिस्पाँडंट. पुढे हा शब्द सैल होत होत कोणत्याही सहप्रतिवादीला लागू झाला.

इंग्रजी कायदा येण्यापूर्वी चाकण हे एका परगण्याचे ठाणे होते. चाकण चौऱ्याऐंशी म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख संग्रामदुर्ग या भुईकोटाच्या छायेत होता. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवले तो हाच किल्ला. लढाया संपत, पण वतनाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण अशी वतने वंशपरंपरेची असल्यामुळे त्यांचे हिस्से होत. एकाच पाटीलकीची थोरली पाती आणि धाकटी पाती होई, त्यातही तक्षीमदार, म्हणजे हिस्सेदार, वाढत. भांडण उत्पन्नाचे असे तसेच मानपानाचेही: होळीची पोळी आधी कोणी लावायची, पोळ्याला कोणाचे बैल पुढे चालायचे, विडा आधी कोणाच्या हातात द्यायचा. वरवर पोरकट वाटणाऱ्या या गोष्टींवर हक्काचा पुरावा उभा राही, कारण ज्याचे बैल पुढे गेले त्याची पाती थोरली.

असे तंटे गोतसभेपुढे जात. सभेत परगण्याचे देशमुख-देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, बलुतेदार आणि सरकारी अंमलदार बसत. फिर्याद घेऊन येणारा अग्रवादी आणि त्याला उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघांकडून सभेचा निकाल मान्य करू असा राजीनामा लिहून घेत आणि जामीन घेत. मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे आपल्या हक्काची हकिगत, लिहून घेतली जाई. साक्षीदार म्हणून गाव बोलावला जाई. निकाल लागला की महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई. हरणाऱ्याने येजितखत, म्हणजे हार कबूल करणारा कागद, लिहून द्यायचे आणि जिंकणाऱ्याने सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, भरायची. महजरावर साक्षी पडत आणि लिहिता न येणाऱ्या पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी उठे. पुराव्याने निकाल लागेना, तर शेवटी दिव्य. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या साऱ्या कागदांची बैजवार मांडणी केली आहे.

उलटतपासाच्या इतिहासाच्या दृष्टीने यातली एक गोष्ट महत्त्वाची. पक्षकार एकमेकांच्या साक्षीदाराला प्रश्न घालून उघडे पाडतात, असा प्रकार त्या पद्धतीच्या केंद्रस्थानी नव्हता. विचारणा सभा करी. त्या विचारणेला फारसीवरून आलेला ‘पुरसीस’ हा शब्द होता. साक्षीदाराला सत्यावर आणायचे साधन म्हणजे शपथ, पूर्वजांची आण आणि गावासमोर खोटे पडण्याची भीती. त्यामुळे दोन पात्यांच्या भांडणात तिसऱ्या पातीचा भाऊबंद उभा राहिला, तरी त्याला कोणत्या बाजूचा समजायचे हा प्रश्नच येत नसे. सभेने त्याचीही तकरीर घ्यायची आणि त्यालाही पुसायचे. दोनच बाजू असल्या पाहिजेत अशी त्या पद्धतीची सक्ती नव्हती. ती नंतर आली. ‘पुरसीस’ हा शब्द मात्र टिकला. आज महाराष्ट्रातल्या कोर्टात वकील एखादे छोटे लेखी निवेदन देतो, उदाहरणार्थ ‘आम्हास आणखी पुरावा देणे नाही’, त्याला पुरसीस म्हणतात. विचारणाऱ्याचा शब्द सांगणाऱ्याचा झाला.

1818 नंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने काही काळ पंचायती चालू ठेवल्या. पण 1827च्या मुंबई नियमावलीनंतर कोर्टाचे वजन वाढत गेले आणि 1859 साली दिवाणी कार्यपद्धतीची संहिता आली. नव्या कोर्टाची रचना इंग्रजी मुशीतली: वादी एकीकडे, प्रतिवादी दुसरीकडे, न्यायाधीश मध्ये तटस्थ, आणि सत्य बाहेर काढायचे ते दोन बाजूंच्या झुंजीतून. पुणे जिल्ह्यातल्या कुणब्याला ही झुंज परवडणारी नव्हती. सावकाराने दावा लावायचा, कुणब्याने तारखेला जायचे नाही आणि एकतर्फी हुकूमनामा व्हायचा, हे 1875च्या दख्खनच्या दंग्यांच्या चौकशीत ठळकपणे पुढे आले. त्यातून 1879चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याने प्रतिवादीला बोलावून त्याची साक्ष घेण्याचे काम न्यायाधीशावरच टाकले. कर्जाचा मुळापासूनचा इतिहासही त्यानेच तपासायचा. म्हणजे साठेक वर्षांनी, सावकारीच्या दाव्यांपुरती का होईना, सभेची पुरसीस कोर्टात परत आली. पण हा अपवाद. बाकीच्या दाव्यांचा नियम तोवर दुसऱ्याच कायद्याने घालून दिला होता.

तो म्हणजे 1 सप्टेंबर 1872 पासून लागू झालेला भारतीय पुरावा कायदा. त्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याचा. कलम 137ने साक्षीचे तीन टप्पे ठरवले: साक्षीदाराला बोलावणारा घेतो तो सरतपास, विरुद्ध पक्ष घेतो तो उलटतपास, आणि पुन्हा बोलावणाऱ्याने घ्यायचा तो फेरतपास. कलम 120ने दिवाणी दाव्यातल्या पक्षकारांना स्वतः साक्षीदार होता येईल हे पक्के केले. इंग्लंडमध्येही ही मुभा सर्वसाधारणपणे 1851च्या कायद्याने मिळाली होती. प्रतिवादीला शपथेवर बोलताच येत नसेल, तर सहप्रतिवादीने त्याचा उलटतपास घेण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. या प्रश्नाचे वय म्हणून फार नाही. प्रश्न मिटवायचा तर ‘विरुद्ध पक्ष’ म्हणजे कोण हे सांगायला हवे होते. स्टीफनने व्याख्या आवडीने केल्या, ही एक मात्र केली नाही.

इंग्लंडमध्ये उत्तर मिळाले ते घटस्फोटाच्या कोर्टात. 1894च्या ॲलन विरुद्ध ॲलन या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले, की एका पक्षकाराची साक्ष त्याच खटल्यातल्या दुसऱ्या पक्षकाराविरुद्ध वापरायची असेल, तर त्या दुसऱ्याला ती उलटतपासाने पारखायची संधी मिळाली पाहिजे. तशी संधी न देता साक्ष वापरणे नैसर्गिक न्यायाला सोडून होईल. दोघे कागदावर एका बाजूला आहेत की नाहीत, याला या कसोटीत महत्त्व उरत नाही.

मुंबई उच्च न्यायालय याच सुमारास दुसऱ्या वाटेने जवळजवळ त्याच ठिकाणी पोचले होते. 1880च्या दशकातला रामचंद्र नारायण विरुद्ध नारायण महादेव हा निवाडा इंडियन लॉ रिपोर्ट्‌सच्या मुंबई मालिकेच्या अकराव्या खंडात आहे. प्रश्न उलटतपासाचा नव्हता, पूर्वन्यायाचा होता: जुन्या दाव्यात दोघे सहप्रतिवादी असतील, तर त्या दाव्याचा निकाल त्यांच्या आपसातल्या नव्या भांडणात बंधनकारक ठरतो का? न्यायालयाचे म्हणणे असे, की वादीला दाद देण्यासाठी प्रतिवादींमधला वाद सोडवणे भाग असेल, त्यांच्यात खरोखर हितसंबंधांचा विरोध असेल आणि निकालाने त्यांचे परस्पर हक्क ठरवले असतील, तर तो निकाल त्यांच्यातही बंधनकारक ठरतो. 1931 साली मुन्नी बीबी विरुद्ध तिरलोकी नाथ या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने याच अटींवर शिक्का मारला. उलटतपासाचा हक्क यातून ओघानेच निघतो. जो निकाल आपल्याला आयुष्यभर बांधणार, तो ज्या साक्षीवर उभा आहे तिला प्रश्न विचारायला मज्जाव करणे तर्काला धरून नाही.

स्वातंत्र्यानंतर उच्च न्यायालयांनी हे स्पष्ट शब्दांत मांडले. 1966 साली प्रसिद्ध झालेला राजस्थान उच्च न्यायालयाचा सोहनलाल विरुद्ध गुलाबचंद हा निवाडा आणि 2003चा कर्नाटक उच्च न्यायालयाचा एनेन कास्टिंग्जचा निवाडा या विषयावर नेहमी पुढे केले जातात. सार एवढेच, की कायद्यात सहप्रतिवादीसाठी वेगळी तरतूद नाही, पण ज्याच्या हिताला साक्ष बाधते त्याला उलटतपासाची संधी दिली पाहिजे. हितसंबंधांचा विरोध नसेल, किंवा साक्षीदार त्याच्याविरुद्ध काहीच बोलला नसेल, तर हक्कही नाही. विरोध आहे की नाही, हे ओळखायचे प्रामुख्याने कैफियतीवरून. प्रत्येक प्रतिवादीने आपल्या लेखी कैफियतीत काय म्हटले आहे ते शेजारी शेजारी ठेवले, की कोण कोणाच्या विरुद्ध आहे ते बहुधा दिसते.

दुसरी बाजूही आहे, आणि रोजच्या कामात तीच जास्त त्रासदायक. उलटतपासात सूचक प्रश्न विचारता येतात, म्हणजे उत्तर प्रश्नातच भरून द्यायचे आणि साक्षीदाराने फक्त ‘खरे आहे’ म्हणायचे. सरतपासात ही मुभा एरवी नसते. मग आतून एक असलेले दोन प्रतिवादी उलटतपासाच्या नावाखाली एकमेकांची साक्ष दुरुस्त करून घेऊ शकतात. वादीने उलटतपासात पाडलेली भगदाडे सहप्रतिवादीच्या वकिलाने चार गोड प्रश्नांत बुजवायची, हा प्रकार कोर्टाच्या व्हरांड्यात सगळ्यांना ठाऊक असतो. यावर उपाय म्हणून क्रम पाळतात: आधी सहप्रतिवादींनी विचारायचे आणि वादीने सर्वांत शेवटी. वादीचा दावा मान्य असणाऱ्या प्रतिवादीलाही विरोध करणाऱ्यांच्या आधी आपला पुरावा द्यायला लावतात. हे क्रम कायद्याच्या एका कलमात सापडत नाहीत. आजच्या दिवाणी संहितेच्या आदेश 18मधल्या पुराव्याच्या क्रमावरून आणि न्यायाधीशाच्या तारतम्यावरून ते ठरतात.

चाकणचे दिवाणी काम दहा-बारा किलोमीटरवरच्या खेडला, म्हणजे राजगुरुनगरला चालते. वाटपाचा दावा हा या प्रश्नाचा अस्सल नमुना. अशा दाव्यात प्रत्येक हिस्सेदार एकाच वेळी वादीही असतो आणि प्रतिवादीही, कारण प्रत्येकाला आपला हिस्सा वेगळा करून मागता येतो. या संहितेच्या 2002च्या दुरुस्तीपासून सरतपास शपथपत्रावर येतो, त्यामुळे कोर्टात प्रत्यक्ष ऐकू येतो तो मुख्यतः उलटतपास. जबाबाची भाषा ठरीव आहे. प्रश्न गाळतात आणि उत्तर वाक्यात वळवून टंकलेखकाला सांगतात: ‘हे म्हणणे खरे आहे की, गट नंबरमधील विहीर वडिलांच्या हयातीत खोदली. हे म्हणणे खरे नाही की, प्रतिवादी क्र. 3 हिने हक्कसोडपत्रावर सही करताना तिला ते वाचून दाखवले नव्हते.’ त्याखाली ‘प्रतिवादी क्र. 4 तर्फे उलटतपास: निरंक’. हे ‘निरंक’ निरुपद्रवी दिसते. पण साक्ष आपल्याविरुद्ध असूनही प्रश्न विचारला नाही, तर तेवढी साक्ष मान्य केली असे पुढे युक्तिवादात म्हणता येते. म्हणून जाणता वकील दोन प्रश्न का होईना, विचारतो.

वरच्या जबाबातली बहीण, म्हणजे प्रतिवादी क्र. 3, मुद्दाम घातलेली आहे. 22 जून 1994 पासून हिंदू वारसा कायद्यातल्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायाद केले, आणि 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद काढला. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितले. याच काळात चाकणच्या माळरानाला भाव आला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीचे टप्पे वाढत गेले. बजाज ऑटोचा कारखाना 1999मध्ये सुरू झाला, 2009मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आले. पूर्वी भाऊ भावावर दावा लावी आणि बहिणी नावापुरत्या प्रतिवादी असत, त्या कैफियतही देत नसत. आता बहीण स्वतंत्र वकील देते, आणि साक्षीला उभ्या राहिलेल्या भावाला हक्कसोडपत्राबद्दल सर्वांत बोचरे प्रश्न वादीकडून येतील असे नाही, प्रतिवादी क्र. 3 कडून येतात.

भूसंपादनाच्या मोबदल्यात तर वादी-प्रतिवादी ही वाटणीच कामाची राहत नाही. रकमेच्या वाटपावर हरकत आली, की तो वाद निर्णयासाठी न्यायालयाकडे पाठवण्याची तरतूद भूसंपादनाच्या कायद्यांत आहे. 1894च्या कायद्यात ती कलम 30मध्ये होती. सातबाऱ्यावरचा मालक, इतर हक्कातले कूळ, चुलत घराण्यातले वारस, साठेखत करून बसलेला खरेदीदार असे सगळे एकाच रकमेवर हक्क सांगतात. रक्कम ठरलेली असते. एकाला जास्त गेले, की दुसऱ्याला कमी. त्यामुळे प्रत्येक जण प्रत्येकाचा विरुद्ध पक्ष होतो आणि एका साक्षीदाराचा चार वकील चार दिशांनी उलटतपास घेतात. गोतसभेतल्या अनेक तकरिरींच्या सर्वांत जवळ जाणारे आजचे कामकाज हेच असावे. तिथे विचारणारी सभा होती, इथे वकील आहेत.

पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण रस्त्याने सहप्रतिवादींचा आणखी एक वर्ग दिला आहे. अपघाताच्या दाव्यात वाहनाचा मालक आणि विमा कंपनी हे दोन सामनेवाले. अर्जदाराविरुद्ध दोघे एक, पण चालकाकडे वैध परवाना होता का, हा मुद्दा निघाला की दोघांची तोंडे दोन दिशांना. परवाना नसेल आणि मालकाची त्यात कसूर असेल, तर कंपनीला हात झटकायचे असतात. मालकाने ही अट मोडली हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004च्या स्वर्णसिंग प्रकरणात सांगितले. आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा, ही वाटही त्याच निकालाने पक्की झाली. म्हणून कंपनीचा वकील मालकाला ट्रक कोणाच्या हाती दिला होता, परवाना पाहिला होता का, असे खोदून विचारतो. कंपनीला पक्षकार न करता नुसती नोटीस दिली असेल, तर एरवी रकमेच्या मुद्द्यावर तिला फारसे लढता येत नाही. मात्र मालक आणि अर्जदार संगनमताने वागत असतील किंवा मालक दावा लढवतच नसेल, तर 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 170खाली परवानगी घेऊन तिला सगळ्या मुद्द्यांवर लढता येते. सहप्रतिवादींमधला विरोध कायद्याने कलमात घेतला आहे, असे हे एक दुर्मिळ उदाहरण.

कामगारांच्या प्रकरणांत चित्र उलटे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात कंत्राटी कामगारांची तक्रार बहुधा कारखाना आणि कंत्राटदार या दोघांविरुद्ध असते, आणि मुद्दा असतो की कंत्राट कागदी आहे, खरा मालक कारखानाच. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या महाराष्ट्रातल्या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने 2001मध्ये ठरवले, की मालक-कामगार हे नातेच वादात असेल तर आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली ते ठरवून घ्यावे, 1971च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखालची तक्रार तोवर चालणार नाही. मग पुरावा लांबतो. कारखाना आणि कंत्राटदार यांचे हित इथे बहुतेक वेळा एकच असते, तेव्हा एकाने दुसऱ्याच्या साक्षीदाराचा उलटतपास घ्यायला युनियनचा वकील हमखास हरकत घेतो. पण भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा, यावरून त्यांचे बिनसले, की तीच हरकत टिकत नाही.

फौजदारीत सहआरोपींची अडचण निराळी. फौजदारी कार्यपद्धतीच्या 1955च्या दुरुस्तीपर्यंत आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्षच देता येत नव्हती. दिली तर ती स्वेच्छेने, आणि तिने सहआरोपी अडचणीत येत असेल तर त्याला उलटतपासाची मुभा, हा पुढचा नियम. त्यापूर्वी साथीदार आरोपीविरुद्ध शपथेवर बोले तो माफीचा साक्षीदार होऊनच. खेडला ज्यांचे नाव दिले त्या शिवराम हरी राजगुरू यांच्याविरुद्ध 1930च्या लाहोर कट खटल्यात जयगोपाल आणि हंसराज व्होरा यांच्यासारखे संघटनेतलेच साथीदार साक्षीला आले. खास वटहुकमाने नेमलेल्या न्यायाधिकरणापुढच्या या कामकाजावर आरोपींनी बहिष्कार घातला, आणि बहुसंख्य साक्षीदारांचा उलटतपास न होताच 7 ऑक्टोबर 1930 रोजी निकाल लागला. खेडच्या कोर्टाच्या शिक्क्यावर आज ज्यांचे नाव उमटते, त्यांच्या वाट्याला उलटतपास न झालेला पुरावा आला होता.

1 जुलै 2024 पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, 2023 ने घेतली. कलम 137 आता 142 झाले आणि 138 झाले 143. ‘विरुद्ध पक्ष’ हे शब्द तसेच आहेत आणि व्याख्या अजूनही नाही. त्या दिवशी चालू असलेली प्रकरणे नव्या अधिनियमाच्या कलम 170नुसार जुन्याच कायद्याने पुढे जातात. त्यामुळे एकाच दिवसाच्या बोर्डावर जुन्या वाटपाच्या दाव्यात सहप्रतिवादीचा वकील 137 कलम वाचतो, आणि पुढच्याच नव्या दाव्यात तीच हरकत 142 खाली घेतली जाते.